चवदार तळ्यापासून हापशाच्या पान्यापर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची आहे, तुम्ही एखादा इतिहासाचा लेख द्या, असा निरोप घेऊन समितीची दोन पोरे घरी आली. चवदार तळ्यावरच लिहा म्हणाली. मी म्हटले, बाबांनो, चवदार तळ्यावर आपल्या प्रत्येक स्मरणिकेत लेख असतो आणि तो असायलाच हवा. पण तळ्यानंतर पुढे काय झाले यावर कुणी लिहीत नाही. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी तळ्यात उतरून ओंजळभर पाणी घेतले, हे आपल्या लहान पोरालाही पाठ आहे. परंतु त्यानंतर खेड्यापाड्यांत, वाड्या-वस्त्यांवर, डोंगरकपारीत आपल्या आयाबहिणींच्या घागरीत पाणी आले कसे, आणि आलेले पाणी बंद पडले तेव्हा ते चालू कुणी केले, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. इतिहास म्हटले की आपल्याला परिषदा, ठराव आणि मोर्चे आठवतात. पाना आणि वायसर कुणाला आठवत नाही. म्हणून हा लेख त्या पान्याचा आहे.

तरीसुद्धा सुरुवात महाडपासूनच केली पाहिजे, कारण मूळ प्रश्न तिथे मांडला गेला. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. कागदावर सगळे झाले. प्रत्यक्षात मार्च १९२७ च्या परिषदेला हजारो माणसे जमली तेव्हा त्यांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! गावात भरलेले तळे आहे, कायदा बाजूने आहे, नगरपालिकेचा ठराव आहे, आणि पाणी विकत. ही चाळीस रुपयांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हक्क मिळणे आणि घागर भरणे यांच्यामध्ये जे अंतर असते ते मोजायचे झाले तर महाडला ते चाळीस रुपये होते.

त्यानंतर सनातन्यांनी काय केले ते आपण जाणतो. बाटलेले तळे त्यांनी ‘शुद्ध’ करून घेतले. तळ्यातल्या पाण्याच्या १०८ घागरी भरल्या, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते सगळे परत तळ्यात ओतले. आता कुठल्याही आरोग्य खात्याच्या माणसाला विचारा की पिण्याच्या तळ्यात शेण-मूत टाकल्यावर पाणी कसे होते? पण ते ‘शुद्ध’ झाले आणि माणसाच्या ओंजळीने ते ‘अशुद्ध’ होत होते. आपल्या भाषेत शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द आहेत आणि दोन्ही एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु गेल्या शंभर वर्षांतला खेड्यातल्या पाण्याचा इतिहास म्हणजे या दोन शब्दांची झोंबाझोंबी आहे, असे माझे मत आहे. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरच्या सत्याग्रहाला कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची ही रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे समोरच्यांना सिद्ध करता आलेले नाही. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली, तीन दिवस कमी.

गंमत म्हणजे ज्या विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते, त्या विहिरीतले पाणी येत होते कशातून? मोटेतून. मोट चामड्याची. कातडे कमावणार ढोर, मोट शिवणार चांभार. त्या कातड्यातून उपसलेले पाणी पाटाने वाहत जाई, बागाईतदार खुशाल पीत, त्याला विटाळ नव्हता. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा पुणे हादरले. मोटेच्या कातड्याने मात्र कधी कुणी हादरले नाही.

स्वच्छ पाण्याचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. भिक्खूंच्या आठ वस्तू, म्हणजे अष्टपरिष्कार, त्यात तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि आठवे परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे फडके. जवळ बाळगायच्या इतक्या थोड्या वस्तू, आणि त्यात एक पाण्याची गाळणी! पाण्यातल्या बारीक जिवांची हिंसा होऊ नये हा त्यामागचा हेतू. परंतु त्या फडक्याने पिणाऱ्याचाही जीव वाचत होता, हे नारूच्या रोगावरून दिसते.

नारू म्हटले की आजच्या पोरांना काही कळत नाही. माझ्या वयाच्या, मराठवाड्याच्या बाजूच्या माणसांना विचारा. पायाला फोड यायचा, तो फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी बाहेर निघायची, ती काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. तुटली तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणावर. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेवर. हा रोग पसरायचा तो पायऱ्यांच्या विहिरीतून, बारवेतून. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागर भरायचा, जखमेतून अळीची बारीक पिल्ले पाण्यात जायची, ती सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसवा गिळायच्या, आणि ते पाणी न गाळता जो पिईल त्याला वर्षभराने नारू. म्हणजे एक साधे दुपदरी फडके मध्ये असते तरी पाणपिसू अडकून राहिली असती. सरकारने १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा गावोगाव हेच सांगितले गेले : पाणी गाळून प्या, बारवेत उतरू नका, हापसा बसवा. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याला लस नव्हती, औषध नव्हते. फडके आणि हापसा, एवढ्यावर एक रोग देशातून गेला.

आता हापशाकडे येऊ.

राज्यघटनेच्या कलम १५ ने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट सर्वांना खुले केले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायदा आला. तरी १९७२ साली, म्हणजे घटनेला बावीस वर्षे झाल्यावर, डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम महाराष्ट्रभर काढावी लागली. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पाहिले की महारवाड्याचा आड वेगळा, मांगवाड्याचा वेगळा, आणि जिथे वेगळा नाही तिथे बाया विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभ्या, कुणी वाढील तेव्हा पाणी. तोच दुष्काळाचाही काळ. आड आटले, विहिरी आटल्या, आणि महाराष्ट्राच्या काळ्या कातळात खोल बोअर घेणे हाच उपाय राहिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली.

बोअर घ्यायची यंत्रे आली, पण बोअरमधून पाणी उपसायचे कशाने? सुरुवातीला जे हातपंप बसले ते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या पंपांची नक्कल. ते तिकडे एका कुटुंबाने दिवसातून चार वेळा वापरायचे म्हणून बनवलेले. आपल्याकडे त्याच्यावर अडीचशे-तीनशे माणसे, पहाटे चारपासून रात्रीपर्यंत. दांडा तुटायचा, खिळ निखळायची. सत्तरच्या दशकात जेव्हा पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त बंद आढळले.

आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो, जो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे पाण्याचे काम होते. साठच्या दशकात तिथे बोअर घेताना त्यांनी हे ओतीव पंप मोडताना पाहिले आणि पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा नवा पंप तयार केला. त्याला जालना पंप म्हणत. त्यात सुधारणा होत होत सोलापूरला आणखी मजबूत पंप बनला, सोलापूर पंप. त्याची खुबी अशी की दांड्याच्या पुढच्या टोकाला सायकलच्या चेनसारखी साखळी, त्यामुळे खाली जाणारी सळई सरळ उभी राहते, तिरपी ओढली जात नाही, आणि आत बॉल बेअरिंग. पुढे भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासच्या यांत्रिक संशोधन संस्थेने हा सोलापूर पंप पुढ्यात ठेवूनच ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार केला. कोइमतूरला त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ पासून तो कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख हापसे तयार झाले होते, आफ्रिकेतल्या देशांतही गेले. मिनिटाला चाळीस वेळा दांडा मारला तर बारा-पंधरा लिटर पाणी. ज्या हापशाने अर्ध्या जगाची तहान भागवली त्याचे बारसे जालना-सोलापूरच्या दुष्काळात झाले आहे. आणि आणखी एक मौज : या हापशाच्या पोटातले वायसर सुरुवातीला चामड्याचेच होते! मोट गेली, पण पाणी कातड्यातूनच वर येत राहिले. पुढे रबराचे वायसर आले.

हापसा मजबूत झाला, पण मजबूत म्हणजे अमर नव्हे. वायसर झिजते, साखळी सुटते, पाइप गंजून भोक पडते. मग दुरुस्ती कोण करणार? तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातून सत्तरच्या दशकात एक पद्धत सुरू झाली आणि देशभर गेली. गावात एक हापशाचा राखणदार. त्याच्याकडे पाना आणि पत्ता छापलेली पोस्टकार्डे. त्याने बोल्ट घट्ट करायचे, साखळीला ग्रीस लावायचे, मोठा बिघाड झाला तर पोस्टकार्ड टाकायचे. तालुक्याला फिटर, जिल्ह्याला गाडी आणि माणसे. कागदावर फार छान. पण पोस्टकार्ड पोचणार कधी, गाडीला डिझेल मिळणार कधी, आणि आमच्या वस्तीचा नंबर लागणार कधी? आमच्या भागात गाडी यायची ती आधी गावात, पुढाऱ्याच्या वाड्यासमोर थांबायची. आमचा हापसा उन्हाळ्यात बंद पडला तर पावसाळ्यात चालू व्हायचा. पावसाळ्यात त्याची गरज कुणाला?

राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने सत्तरच्या दशकाअखेरीस वेगळा विचार केला. तीन पायऱ्या कशाला, गावातल्याच तरुणाला पूर्ण मिस्त्री करा, त्याला हत्यारे द्या, चार-पाच गावांचे हापसे द्या आणि कामाचे पैसे द्या. इंजिनिअर लोक हसले. अडाणी पोरे पाइप उपसणार? पण ती उपसू लागली, आणि राजस्थान सरकारलाही ही पद्धत घ्यावी लागली.

इथे एक कडू गोष्ट लिहितो. समाजकल्याणाच्या योजनांतून दलित वस्त्यांना स्वतंत्र हापसे मिळू लागले. आयाबहिणींचे हाल कमी झाले, याबद्दल दुमत नाही, माझ्या आईनेच त्या हापशाची पहिली घागर भरली तेव्हा हळदकुंकू वाहिले होते. धम्मदीक्षा घेतलेली बाई, तरी हात गेलाच. पण वेगळा हापसा मिळाला की गावाच्या विहिरीचा प्रश्न कुणी काढीनासे झाले. ‘तुम्हाला दिला की तुमचा’, असे ऐकून घ्यावे लागे. एक गाव एक पाणवठा ही घोषणा वेगळ्या हापशाच्या सिमेंटच्या ओट्याखाली गाडली गेली, असे मला कित्येकदा वाटते. आणि जिथे हापसा एकच होता तिथे सवर्णांच्या बाया आमच्या हातानंतर दांडा धुऊन घ्यायच्या. लोखंडालाही विटाळ!

म्हणून मला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यातली हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखाचा खरा गाभा तोच आहे.

बांदा जिल्ह्याच्या दक्षिणेला मानिकपूरचा भाग, त्याला पाठा म्हणतात. खडकाळ पठार, जंगल, डाकूंचा सुळसुळाट, पाण्याचे कायमचे दुर्भिक्ष. वस्ती मुख्यतः कोल आदिवासींची आणि दलितांची, बहुतेक जमीनदारांच्या कर्जात बांधलेले. १९८९ साली केंद्र सरकारचा महिला समाख्या हा कार्यक्रम ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यात बांदा होता. कार्यकर्त्या गावोगाव जाऊन बायांना विचारू लागल्या, तुम्हाला काय हवे? शिक्षण हवे असे कुणी म्हणाले नाही. पाणी हवे म्हणाल्या. हापसे होते, पण बंद. मिस्त्री जल निगमचा, तो तालुक्याला, पुरुष, आणि बहुधा वरच्या जातीचा. तो यायचा नाही, आला तर त्याला जेवण आणि पैसे हवेत.

मग १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत या बायांनाच हापसा दुरुस्तीचे शिक्षण देण्याचे ठरले. वाचकहो, जरा डोळ्यांसमोर आणा. मार्क टूचा सिलिंडर शंभर फूट खाली असेल तर तीन-तीन मीटरचे दहा पाइप आणि तेवढ्याच सळया वर ओढायच्या. वजन सव्वाशे किलोच्या आसपास, आत अडकलेले पाणी वेगळे. एक पाइप वर आला की क्लॅम्पने आवळून धरायचा, चेनपान्याने खोलायचा, मग पुढचा. मध्ये हात सुटला तर सगळी माळ बोअरच्या तळाशी. हे काम लुगड्याचा काचा मारून, डोक्यावरचा पदर सांभाळत, ज्यांना पुस्तकातले एक अक्षर येत नव्हते अशा बायांनी शिकून घेतले. पुरुष भोवती जमून हसायचे. सासरा-नवऱ्याची बोलणी वेगळी. एकट्या बाईने परगावी जायचे, तेही डाकूंच्या भागात, म्हणून दोघी-तिघींनी मिळून पायी जायचे, अवजारांची पिशवी डोक्यावर.

आणि मग तो प्रसंग आला जो येणारच होता. वरच्या जातीच्या गावांतले हापसेही बंद पडत. तिथून बोलावणे येई. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ, तिने हापसा उघडायचा, पाइपाला हात लावायचा, तिच्या घामाचे थेंब बोअरमध्ये, आणि मग त्या हापशाचे पाणी देवघरात! नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दुसरा मिस्त्री नव्हता. काही ठिकाणी दुरुस्तीनंतर या बायांना वरून, लांबून पाणी वाढले गेले. ज्यांनी पाणी चालू केले त्यांनाच! या बायांनी ते मुकाट गिळले नाही, वाद घातला. आमच्या हातचा हापसा चालतो आणि आमच्या हातचा पेला चालत नाही, हे कसे, हा प्रश्न त्यांनी त्या त्या गावात उभा केला. महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून जो प्रश्न विचारला, तोच या बायांनी हातात पाना घेऊन विचारला. फरक एवढाच की महाडला आपण पाणी मागत होतो, इथे पाणी आपल्या हातात होते.

पुढची गोष्ट आणखी मोठी आहे. दुरुस्तीची नोंद ठेवायची तर लिहिता यायला हवे, सुट्या भागांची पावती वाचता यायला हवी. ज्यांनी आधी शिक्षण नको म्हटले होते त्याच आता अक्षरे मागू लागल्या. त्यातून शिबिरे, मग मुक्कामी शिक्षण केंद्र, आणि मग ‘महिला डाकिया’ नावाचे बायांनीच काढलेले छोटे पत्रक निघाले. पुढे २००२ साली त्याच परंपरेतून बुंदेली भाषेतले ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्र सुरू झाले, चालवणाऱ्या बहुतेक दलित बाया. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. हापशाच्या वायसरपासून वर्तमानपत्रापर्यंत! दरम्यान १९९७ साली बांदा जिल्हा तोडून हा भाग वेगळा जिल्हा झाला आणि त्याला पहिले नाव दिले गेले छत्रपती शाहूजी महाराज नगर. दुसऱ्याच वर्षी ते बदलून चित्रकूट केले. आपल्या कोल्हापूरच्या राजाचे नाव तिथे एवढेच टिकले.

ओरिसातली, आताच्या ओडिशातली, एक हकीकत थोडक्यात. ग्राम विकास नावाच्या संस्थेने १९९२ पासून डोंगरी गावांत नळाचे पाणी आणि संडास-न्हाणीचे काम सुरू केले, तेव्हा एकच अट घातली : गावातले शंभर टक्के घर सामील झाले पाहिजे. एक घर जरी बाहेर राहिले तरी काम सुरू होणार नाही. प्रत्येक घराने सरासरी हजार रुपये गावाच्या निधीत टाकायचे. श्रीमंताने जास्त, विधवेने कमी, पण टाकायचे. त्याचे व्याज पुढे गावात नवे घर झाले की त्याच्या जोडणीला. प्रत्येक घराला तीन नळ, संडासाला, न्हाणीला, चुलीपाशी. आता टाकी एक, पाइप एक, पाणी एकाच वेळी सगळ्यांच्या घरात. सवर्णांनी कटकट केलीच, दलितांच्या घरातून येणाऱ्या पाइपाचे पाणी आम्हाला कसे चालेल म्हणून. संस्थेने सांगितले, मग तुम्हालाही नाही. काही गावांत तडजोड व्हायला वर्ष-वर्ष गेले. तरी अट सोडली नाही. वेगळ्या हापशाने जे झाले नाही ते इथे एका टाकीने झाले. मला ही पद्धत सर्वात पटते, जरी हजार रुपये उभे करताना मजुराच्या घरात काय होते हेही मला ठाऊक आहे.

सरकारनेही मग ‘लोकांचे पाणी लोकांनी चालवावे’ हे धोरण उचलले. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी ग्रामपंचायतीच्या विषयांत आणले. २५ डिसेंबर २००२ ला स्वजलधारा योजना आली, म्हणजे मनुस्मृती दहनाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी त्याच तारखेला, हा योगायोग कुणाच्या ध्यानातही आला नसेल. त्यात गावाने खर्चाचा दहा टक्के वाटा द्यायचा आणि पुढची सगळी देखभाल स्वतः करायची. महाराष्ट्रात २००३ पासून जलस्वराज्य झाले. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशनची घोषणा झाली, घरोघर नळ, माणशी ५५ लिटर, गावची पाणीपुरवठा समिती, पाणी तपासायला गावातल्या पाच बाया. २०२४ ची मुदत होती, ती २०२८ पर्यंत वाढली. निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातीची वस्ती असलेल्या गावांना लोकवर्गणी दहाऐवजी पाच टक्के आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी कुणी सांगत नाही.

लोकांनी चालवायचे म्हणजे नेमके कुणी, हा प्रश्न मात्र राहतो. शहरात नळ बिघडला तर महानगरपालिकेचा पगारी माणूस येतो, तिथे कुणी लोकसहभाग मागत नाही. खेड्यात मात्र दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईने समितीवर बसायचे, क्लोरीन बघायचे, पट्टी गोळा करायची, फुकट. शिवाय समितीने हापसा कितीही चांगला ठेवला तरी शेजारच्या बागाईतदाराने दोनशे पावलांवर उसासाठी बोअर घेतला की संपले. महाराष्ट्रात १९९३ चा कायदा होता, पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नव्हता. किती गावांत तो लावला गेला, ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

पाणी तपासायची एक सोपी बाटली आहे, तिच्याविषयी सांगून थांबतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही पद्धत मांडली. बाटलीत औषध लावलेला कागदाचा तुकडा असतो; खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि उबदार जागी दिवस-दीड दिवस ठेवायचे. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते काळे पडते. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळते. गेल्या वर्षी आपल्या महिला मंडळाने वस्तीच्या हापशाचे, ग्रामपंचायतीच्या नळाचे आणि गावातल्या जुन्या विहिरीचे, असे तीन नमुने या बाटल्यांत भरून विहाराच्या खोलीत ठेवले होते. हापशाची बाटली तशीच राहिली. नळाची काळी पडली. पाहणी केली तेव्हा पाइपाची गळती गटाराजवळ निघाली, ती दुरुस्त व्हायला तीन ग्रामसभा लागल्या. विहिरीची बाटली सर्वात काळी. ती विहीर म्हणजे जिच्यावर आमच्या आजीला चढू देत नव्हते.

नळ चौथ्या दिवशी येतो, म्हणून हापसा अजून चालू ठेवला आहे. घरटी महिना वीस रुपये, वही सचिवांकडे. दोन वायसर आणि एक साखळी शिल्लक आहे. क्लॅम्प, चेनपाना आणि ग्रीसचा डबा विहाराच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात असतो, किल्ली महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे. पाइप उपसायला आता तिघीच येतात, त्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास त्या शिकवायला तयार आहेत, पोरींना आणि पोरांनाही.